कार्डिनल मासे घरी ठेवताना: पुण्यातील खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी काही नेमकी माहिती

पुण्यातल्या एखाद्या मत्स्यालयाच्या दुकानात जाऊन ‘कार्डिनल आहे का’ असे विचारले, तर बहुधा कार्डिनल टेट्रा समोर येतो. तो दक्षिण अमेरिकेतल्या गोड्या पाण्यात राहणारा, लाल-निळ्या पट्ट्यांचा इवलासा मासा आहे. या लेखात ज्याविषयी लिहिले आहे तो कार्डिनल मासा समुद्रातला असून त्याचा टेट्राशी काहीही संबंध नाही. ॲपोगॉनिडी या कुळात तीनशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक जाती बोटभर लांबीच्या असून उष्ण कटिबंधातल्या प्रवाळखडकांत आणि समुद्री गवतात राहतात. भारताच्या किनाऱ्यावर आणि लक्षद्वीप-अंदमानच्या पाण्यातही या कुळातले अनेक मासे आढळतात. पाठीवर एकमेकांपासून सुटे असलेले दोन पर, शरीराच्या मानाने मोठे डोळे आणि मोठे तोंड या तीन खुणांवरून हे कुळ ओळखता येते.

डोळे मोठे असण्याचे कारण असे, की यांतले बहुतेक मासे रात्री वावरतात. दिवसा ते खडकाच्या कपारीत, प्रवाळाच्या फांद्यांमध्ये किंवा सी-अर्चिन या काटेरी, गोल समुद्री प्राण्याच्या लांब काट्यांच्या आडोशाला जवळजवळ निश्चल तरंगत राहतात आणि अंधार पडू लागला, की पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव व लहान कोळंबीसारखे प्राणी खाण्यासाठी बाहेर पडतात. टाकीची रचना, प्रवाहाचा जोर, प्रकाश, खाणे देण्याची वेळ आणि सोबतच्या माशांची निवड या सगळ्या गोष्टी या एका सवयीवरून ठरतात.

घरगुती टाकीसाठी प्रामुख्याने दोन जाती उपलब्ध असतात. पहिली पायजमा कार्डिनल, शास्त्रीय नाव स्फीरामिया निमॅटोप्टेरा. तिचे डोके पिवळट हिरवे, डोळे लाल, कमरेभोवती काळपट रुंद पट्टा आणि मागच्या भागावर तांबूस ठिपके असतात. ही जात गटाने राहते, आपसात क्वचितच भांडते आणि टाकीत लवकर रुळते. पहिल्यांदाच खाऱ्या पाण्याकडे वळणाऱ्याने तिचे चार-पाच मासे एकत्र ठेवावेत. दुसरी जात बांगाई कार्डिनल, म्हणजे टेरापोगॉन कॉडर्नी. चंदेरी अंगावर काळे उभे पट्टे, पांढऱ्या ठिपक्यांनी नटलेले लांब पर आणि खोल दुभंगलेली शेपटी असा हा आठेक सेंटिमीटरचा मासा खाऱ्या पाण्यातल्या सर्वांत देखण्या माशांपैकी एक आहे असे मला वाटते. परंतु तो विकत घेण्याआधी त्याची कथा माहीत असणे आवश्यक आहे, कारण ती कळल्याशिवाय कोणता मासा घ्यावा आणि कोणता घेऊ नये हे ठरवता येत नाही.

बांगाई कार्डिनलचे मूळ घर जगात एकाच ठिकाणी आहे: इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या पूर्वेला असलेला बांगाई द्वीपसमूह. वॉल्टर कॉडर्न या स्वीडिश संशोधकाने १९२० च्या सुमारास गोळा केलेल्या नमुन्यांवरून मत्स्यशास्त्रज्ञ कूमान्स यांनी १९३३ मध्ये या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर जवळपास साठ वर्षे तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यावर मत्स्यतज्ज्ञ जेराल्ड ॲलन यांनी तिची नव्याने नोंद केली आणि लगोलग जगभरच्या मत्स्यालयांतून मागणी सुरू झाली. पुढच्या काही वर्षांतच दरवर्षी पकडल्या जाणाऱ्या माशांचा अंदाज सहा ते नऊ लाखांपर्यंत गेला, आणि त्याच काळात समुद्रातल्या एकूण संख्येचा अंदाज होता सुमारे चोवीस लाख. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने, म्हणजे आययूसीएनने, तिला संकटग्रस्त जातींच्या यादीत घेतले.

एवढ्या थोड्या काळात एवढी घट का झाली, याचे उत्तर या माशाच्या पुनरुत्पादनाच्या पद्धतीत सापडते. बहुतेक सागरी माशांची पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यावर काही दिवस किंवा आठवडे प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि दूरच्या खडकांवर वस्ती करतात. त्यामुळे एका ठिकाणचे मासे संपले, तरी दुसरीकडून भरपाई होऊ शकते. बांगाईच्या बाबतीत ही वाहत जाण्याची अवस्थाच नाही. मादीने घातलेली अंडी नर तोंडात घेतो, सुमारे वीस दिवस उबवतो आणि पिल्ले बाहेर आल्यावरही आणखी आठ-दहा दिवस ती तोंडातच सांभाळतो. बाहेर सोडलेली पिल्ले आईबापांची छोटी प्रतिकृती असतात आणि जन्मल्या जागेच्या आसपासच, अर्चिनच्या काट्यांत किंवा समुद्रफुलाच्या (सी-ॲनिमोन या प्राण्याच्या) आश्रयाला आयुष्य काढतात. परिणामी काही किलोमीटरवर असलेल्या दोन बेटांवरचे बांगाई आनुवंशिकदृष्ट्या वेगळे झालेले आढळतात, आणि एखाद्या खडकावरचे मासे सगळे पकडले गेले, तर तो खडक आपोआप पुन्हा भरत नाही.

हीच पद्धत मत्स्यपालकाच्या मात्र पथ्यावर पडते. सागरी माशांची पिल्ले घरी वाढवणे अवघड असते ते त्यांच्या सूक्ष्म, तरंगत्या अवस्थेमुळे, आणि इथे ती अवस्था बापाच्या तोंडात पार पडते. म्हणून बांगाई कार्डिनल हा घरच्या टाकीत पिल्लांसह वाढवता येणारा सर्वांत सोप्या सागरी माशांपैकी एक ठरला आहे. माझे मत स्पष्ट आहे: बांगाई घ्यायचा असेल, तर टाकीत जन्मलेलाच घ्यावा, त्यासाठी काही महिने थांबावे लागले आणि पैसे अधिक मोजावे लागले तरीही. समुद्रातून पकडून आणलेल्या बांगाईंमध्ये एका इरिडोव्हायरसचा प्रादुर्भाव वारंवार दिसून आला आहे. त्यावर औषध नाही. मासा खाणे सोडतो, रंग काळवंडतो, श्वास जलद होतो आणि थोड्या दिवसांत तो मरतो. त्यामुळे येथे नैतिक कारण आणि व्यवहाराचे कारण एकच सल्ला देतात. दुकानदाराला मासा कुठला हे विचारावे, आपल्यासमोर त्याला खाऊ घालायला सांगावे आणि जो मासा खात नाही तो कितीही सुंदर असला तरी आणू नये.

आता टाकीकडे वळू. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे १९० लिटर पाणी मावते; खडक आणि वरची मोकळी जागा वजा जाता दीडशे लिटर धरावे. याहून लहान टाकीतही हे मासे जगतात, पण पाणी जितके कमी तितके त्याचे तापमान आणि क्षारता लवकर बदलते, आणि नवशिक्याला चुका निस्तरायला वेळ मिळत नाही. भरलेल्या टाकीचे वजन स्टँडसह अडीचशे किलोच्या पुढे जाते, म्हणून ती फ्लॅटमध्ये भिंतीलगत, शक्यतो तुळईवर येईल अशी ठेवावी आणि दुपारचे पश्चिमेचे ऊन जिथे येते ती जागा टाळावी. आत कपारी, पुढे झुकलेले कडे आणि पोकळ्या राहतील अशा रीतीने खडक रचावेत. भारतीय समुद्रातले प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत; ते काढणे, विकणे आणि घरी बाळगणे हा गुन्हा आहे. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकले जाणारे तुकडे अनेकदा प्रवाळाचेच असतात, त्यामुळे कृत्रिम, कोरडे, सच्छिद्र खडक वापरावेत. उपयुक्त जीवाणू त्यांच्यावरही कालांतराने तितकेच चांगले वाढतात. केवळ मासे ठेवायचे असल्याने महागड्या दिव्यांचीही गरज नसते. या माशांना मंद प्रकाश अधिक मानवतो.

पाण्याच्या बाबतीत पुण्यातले लोक सहसा दोन ठिकाणी फसतात. पहिली फसवणूक स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राची. खडकवासल्यातून येणाऱ्या महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असते. ज्या सोसायट्यांमध्ये टँकर किंवा बोअरवेलचे पाणी मिसळते, तिथे क्षारांचे आणि कधी नायट्रेटचेही प्रमाण बरेच असते. पिण्याच्या आरओमध्ये चव राखण्यासाठी थोडे मूळ पाणी किंवा खनिजे पुन्हा मिसळण्याची सोय असल्याने बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, पन्नास ते शंभर राहतो. पिण्यासाठी तो योग्यच आहे, पण टाकीसाठी टीडीएस शून्य हवा, आणि त्यासाठी आरओच्या पुढे उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडावी लागते. दुसरी फसवणूक समुद्र जवळ असल्याच्या समजुतीची. ताम्हिणीमार्गे दिवेआगरला जाऊन कॅन भरून आणण्याची कल्पना आकर्षक वाटते खरी, परंतु कोकण किनाऱ्यालगतचे पाणी गढूळ असते, खाड्यांमुळे त्याची क्षारता जागोजागी बदलते, पावसाळ्यात ती आणखी खाली जाते आणि बोटींचे तेल व सांडपाणी यांचा भरवसा नसतो. तयार मरीन सॉल्ट विकत घेऊन शुद्ध पाण्यात कालवणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतला सर्वांत मोठा वाटा सोडियम आणि क्लोराइड यांचा, म्हणजे आपल्या ओळखीच्या मिठाचा असला, तरी मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट यांशिवाय ते पाणी सागरी जीवांना चालत नाही; म्हणूनच किराणा दुकानातले मीठ येथे कामाचे नाही. दीडशे लिटरच्या टाकीला पहिल्यांदा साडेपाच किलोच्या आसपास मिश्रण लागते आणि आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे म्हटले, तर दर वेळी अर्धा किलोहून थोडे अधिक. हे मिश्रण वेगळ्या बादलीत लहान पंप लावून रात्रभर फिरू द्यावे, टाकीत मासे असताना तिथेच मीठ टाकू नये. मोजमापासाठी रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजणारे उपकरण) घ्यावा आणि तो ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यावा. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या जवळ, पीएच ८.१ ते ८.४ आणि तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस हे कार्डिनलसाठी योग्य आकडे आहेत. आकडा अचूक गाठण्यापेक्षा तो रोज तोच राहणे या माशांना अधिक महत्त्वाचे असते.

पुण्याच्या हवेत तो तोच राहत नाही, हीच खरी अडचण आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळिशीला टेकतो, वरच्या मजल्यावरच्या घरांत स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला राहतो आणि टाकीचे पाणी तिशी सहज ओलांडते. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. २५ अंशांना समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना सव्वासहा. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर असल्याने हवेचा दाब कमी असतो आणि दोन्ही आकडे आणखी सहा-सात टक्क्यांनी खाली येतात. म्हणून उन्हाळ्यात पृष्ठभाग सतत हलता ठेवणे आणि प्रोटीन स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारे यंत्र) बंद न पडू देणे फार आवश्यक असते. पाणी गार करणारा चिलर परवडत नसेल, तर पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा साधा पंखा दोन-तीन अंशांनी तापमान उतरवतो. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने हे घडते, आणि पुण्याचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे मुंबईपेक्षा येथे हा उपाय अधिक परिणामकारक ठरतो. मात्र बाष्पीभवनात केवळ पाणी उडते, मीठ मागेच राहते. पंखा चालू असलेल्या दिवसांत क्षारता रोज थोडी थोडी चढत जाते, आणि ती भरून काढण्यासाठी मीठ न घातलेले शुद्ध पाणीच घालावे लागते. हे काम आपोआप करणारे यंत्र बसवले तर उत्तम. डिसेंबर-जानेवारीत उलट परिस्थिती असते. पहाटे पारा दहा अंशांच्या खाली जातो तेव्हा टाकीत लिटरमागे एक वॅट या हिशेबाने थर्मोस्टॅट असलेला हीटर हवा.

यात भर पडते ती वीज जाण्याची. दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद राहण्याची पुणेकरांना सवय आहे, पण खाऱ्या पाण्याच्या टाकीला ती सवय नसते. घरच्या इन्व्हर्टरवर निदान एक पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) किंवा एअरपंप चालेल अशी जोडणी आधीच करून ठेवावी. वीज गेली असताना माशांना खाऊ घालू नये, कारण न खाल्लेले अन्न कुजताना उरलासुरला प्राणवायू संपवते.

टाकी भरून झाल्यावर मासे आणण्याची घाई होते आणि बहुतेक मासे त्या घाईतच मरतात. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. एका गटातले जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या गटातले नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि हे जीवाणू खडकांवर व वाळूत पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत अमोनियाचा थोडा थोडा पुरवठा करत राहावे आणि तपासणी संचाने मोजत राहावे. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तिथेच टिकले, की पहिला मासा आणता येतो. गोड्या पाण्यात निभावून जाणारी चूक येथे का निभत नाही, हेही समजून घ्यावे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो आणि त्यांतले एकच रूप तीव्र विषारी आहे. पीएच ७ असलेल्या गोड्या पाण्यात त्या रूपाचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असते, तर समुद्राच्या ८.२ पीएचला ते त्याच्या दहा पटींहून अधिक होते. म्हणजे तेवढाच अमोनिया समुद्री टाकीत कितीतरी अधिक घातक असतो.

याच नियमामुळे पिशवीतून मासा टाकीत सोडण्याची पद्धतही बदलते. लांबच्या प्रवासात पिशवीत अमोनिया साचतो, पण माशाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असल्याने तो निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून रात्रभर प्रवास करून आलेला मासा उघड्या पिशवीत तासभर थेंबाथेंबाने पाणी सोडत ठेवणे घातक आहे. बंद पिशवी टाकीत तरंगवून तापमान जुळवावे, क्वारंटाइन टाकीची, म्हणजे नवीन मासा आधी वेगळा ठेवण्याच्या टाकीची, क्षारता आधीच पिशवीच्या पाण्याइतकी करून ठेवावी आणि पिशवी उघडताच मासा हलक्या हाताने आत घ्यावा. पिशवीतले पाणी टाकून द्यावे. हे मासे जाळीत पकडण्यापेक्षा प्लास्टिकच्या भांड्यात घ्यावेत, कारण लांब पर जाळीत अडकून फाटतात.

क्वारंटाइनची टाकी वीस-तीस लिटरची असली तरी चालते, आत पाइपचे दोन तुकडे आडोशाला ठेवावेत आणि नवीन मासा किमान चार आठवडे तिथेच राहावा. समुद्री पांढरे ठिपके, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी, काही दिवस माशाच्या अंगावर राहून खाली पडतो, तळाशी कवचात राहून विभागतो आणि पुन्हा शेकडोंनी बाहेर येतो. ठिपके नाहीसे झाले म्हणजे रोग गेला असे नव्हे. त्यावरचे तांब्याचे औषध क्वारंटाइन टाकीतच, संचाने प्रमाण मोजत द्यावे. मुख्य टाकीत तांबे गेले, तर कोळंबी, शंख आणि अर्चिन त्यात जगत नाहीत.

खाण्याच्या बाबतीत थोडा संयम लागतो. नवीन आलेले कार्डिनल बहुधा गोळ्यांकडे पाहतही नाहीत, त्यामुळे सुरुवात गोठवलेल्या मायसिसने (कोळंबीसारखे लहान जीव) किंवा पोषक द्रव्ये मुरवलेल्या ब्राइन श्रिंपने, म्हणजे आर्टेमियाने, करावी. साधा ब्राइन श्रिंप आवडीने खाल्ला जातो, पण त्याचे पोषणमूल्य कमी असल्याने केवळ त्यावर मासे पोसू नयेत. संध्याकाळी दिवे मंद झाल्यावर, प्रवाह कमी करून, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे द्यावे. भडक आणि आक्रमक डॅमसेल किंवा डॉटीबॅक सोबत असतील, तर कार्डिनल कोपऱ्यात राहून उपाशी मरतात. क्लाऊनफिशची एखादी जोडी, गोबी, फायरफिश, ब्लेनी ही त्यांना मानवणारी सोबत आहे. अगदी छोट्या शोभिवंत कोळंब्या मात्र ठेवू नयेत, कारण कार्डिनलचे तोंड दिसते त्याहून मोठे उघडते.

बांगाईचे एक वैशिष्ट्य अनेकांना उशिरा कळते. लहानपणी ते थव्याने राहतात, पण वयात आल्यावर एक जोडी ठरते आणि ती इतरांना टाकीत जगू देत नाही. नर-मादी बाहेरून खात्रीने ओळखता येत नाहीत. नराचा जबडा किंचित चौकोनी दिसतो इतकेच. म्हणून चार-पाच छोटी पिल्ले एकत्र वाढवावीत, जोडी जमली की बाकीचे मासे दुसऱ्यांना द्यावेत, आणि ती सोय नसेल तर सुरुवातच पायजमा कार्डिनलने करावी. पायजमाचे नरही अंडी तोंडात घेतात, पण त्यांची अंडी बारीक असून आठवडाभरात त्यांतून तरंगती, सूक्ष्म पिल्ले निघतात. ती वाढवणे घरी फार थोड्यांना जमते.

बांगाईची जोडी जमली, तर एक दिवस नर खाणे सोडतो आणि त्याचा गळा फुगलेला दिसतो. तोंडात चाळीस ते नव्वदच्या दरम्यान, प्रत्येकी अडीच-तीन मिलिमीटरची अंडी असतात, आणि ती सांभाळताना तो जवळपास महिनाभर काही खात नाही. या काळात टाकीत हात घालणे, खडक हलवणे, त्याला पकडण्याचा प्रयत्न करणे टाळावे. घाबरला की तो अंडी गिळतो किंवा थुंकतो. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस, रात्री, मंद प्रकाशात त्याला भांड्यात घेऊन वेगळ्या टाकीत हलवता येते. सोडलेली पिल्ले सेंटिमीटरभराहूनही लहान असतात, तरी पहिल्याच दिवसापासून ताजी उबवलेली आर्टेमियाची पिल्ले खातात. त्या आर्टेमियाला आधी मेदाम्लांचे पोषक द्रव्य मुरवून घेणे आवश्यक आहे. ते न केल्यास काही आठवड्यांनी, दिवा अचानक लागला किंवा कोणी जवळून गेले एवढ्या कारणानेही पिल्ले झटके येऊन मरतात. आडोशासाठी काळ्या केबल-टायची जुडी बांधून तळाशी ठेवावी, अर्चिनच्या काट्यांसारखी समजून पिल्ले लगेच तिच्यात शिरतात. दुसऱ्या खेपेपूर्वी नराला भरपूर खाऊ घालावे, आणि मादी लगेच पुन्हा अंडी घालण्याच्या तयारीत दिसली, तर त्याला काही आठवडे वेगळे ठेवावे, नाहीतर उपासमारीने तो दगावतो.

पिल्ले अडीच-तीन सेंटिमीटरची होऊन गोठवलेले मायसिस खाऊ लागली, की ती इतरांना देण्यास योग्य होतात. घेणाऱ्याकडे आधीच बांगाईची जोडी आहे का, त्याच्या टाकीची क्षारता किती आहे आणि क्वारंटाइनची सोय आहे का, या तीन गोष्टी विचाराव्यात. पिशवीत भरण्यापूर्वी एक दिवस पिल्लांना उपाशी ठेवावे, म्हणजे प्रवासात पाणी खराब होत नाही, आणि उन्हाळ्यात ती थर्मोकोलच्या खोक्यातूनच पाठवावीत.